कोचीबंदरांतील सात तास

समुद्रगमनाचा विषय आमच्या आजोबांच्या पिढींत निघाला, तर तो प्रायश्चित्ताच्या संदर्भांत निघत असे. बौधायनानें समुद्रसंयान पातकांत गणलें आहे, आणि कलिवर्ज्यांच्या यादींतही त्याला स्थान आहे. आज त्याच घराण्यांतील मुलें आपल्या आईबापांना लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मुंबईहून कोचीस जाणाऱ्या जलविहाराच्या जहाजाचीं तिकिटें काढून देतात, आणि आईबाप औषधांच्या डब्या मोजून घेऊन निमूटपणें जहाजावर चढतात. हा धर्मशास्त्राचा पराभव म्हणावा कीं काळाचा विजय म्हणावा, ह्या वादांत मी शिरत नाहीं. अशा प्रवासांत जहाज एखाद्या बंदरास दिवसभर लागतें, त्या दिवसाचें काय करावें, एवढ्यापुरतेंच मला वाचकांशीं बोलावयाचें आहे.

जहाज बंदरास लागलें कीं प्रवाशांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग जहाजावरच राहतो. त्याच्या मतें जेवणाचे पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळें खालीं उतरणें म्हणजे निव्वळ नुकसान. दुसरा वर्ग जहाजाच्या व्यवस्थापकांनीं ठरविलेल्या वातानुकूलित गाडींतून शहर पाहून येतो. तिसरा वर्ग फार लहान असतो. तो गोदीच्या दरवाजाबाहेर येतो आणि त्या गांवचे लोक ज्या वाहनांतून कामधंद्यास जातात, त्याच वाहनांत जाऊन बसतो. गेल्या पौषांत मी व माझें कुटुंब ह्या तिसऱ्या वर्गांत सामील झालों. मी अडुसष्ट वर्षांचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक, जन्मभर संस्कृत आणि मराठी शिकविलेला निवृत्त शाळामास्तर; सौ. चौसष्ट वर्षांची, डाव्या गुडघ्यानें थोडी अधू. इतकी प्रस्तावना पुरे.

आमचा बेत ऐकून जेवणाच्या मेजावरील मंडळींनीं आम्हांस वेड्यांत काढलें. त्यांतील एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. जहाज चुकलें तर मुंबई गांठायला तुम्हांला आपल्या खिशांतून विमानाचें भाडें भरावें लागेल, आणि सामान तर जहाजावरच राहील.” हें बोलणें अक्षरशः खरें होतें. मी सौभाग्यवतीकडे पाहिलें. ती म्हणाली, “अहो, काचेंतूनच गांव पाहायचा असेल, तर घरचा दूरचित्रवाणीचा संच काय वाईट आहे?” विषय संपला.

बेत मात्र आम्हीं हिशेबानें केला. जहाज सायंकाळीं सहाला सुटणार होतें आणि पांचाच्या आंत सर्वांनीं परत चढावयाचें होतें. आम्हीं आपली मर्यादा चारची धरली आणि तेथून दिवस उलटा मोजीत आणला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत शेवटच्या प्रश्नाला किती मिनिटें ठेवावयाचीं हें आधीं ठरवावें, असें मी मुलांना पस्तीस वर्षें सांगत आलों. तोच नियम येथें उपयोगी पडला. सुटे पैसे, जहाजाचा ओळखपरवाना, आधारपत्र, पाण्याची बाटली, सौभाग्यवतीची गुडघ्याची पट्टी आणि जहाजाच्या बंदरावरील मदतनीसाचा दूरध्वनिक्रमांक एवढें घेऊन आम्ही नवाच्या सुमारास खालीं उतरलों.

आमचें जहाज ज्या जमिनीस लागलें होतें, ती जमीन शंभर वर्षांपूर्वीं अस्तित्वांत नव्हती. कोचीचें बंदर निसर्गानेंच घडविलें. १३४१ सालीं पेरियार नदीला महापूर आला, त्यानें प्राचीन मुझिरिस बंदर गाळानें भरलें आणि कोचीचें मुख मोकळें झालें, असें परंपरा सांगते. परंतु त्या मुखाशीं वाळूचा बांध आडवा होता, त्यामुळें मोठीं जहाजें बाहेरच नांगर टाकून उभीं राहत. रॉबर्ट ब्रिस्टो नांवाचा इंग्रज इंजिनिअर १९२० सालीं येथें आला. त्यानें तो बांध कापला, खाडी खोल केली, आणि उपसलेला गाळ एके ठिकाणीं रचून त्याचें एक बेट तयार केलें. १९२८ सालीं नव्या मार्गानें पहिलें मोठें जहाज आंत आलें. तें बेट म्हणजे विलिंग्डन आयलंड. गाळाच्या ढिगावर आज गोदी, रेल्वे, कचेऱ्या आणि वडाची दाट सावली आहे.

दरवाजाबाहेर रिक्षावाल्यांनीं आम्हांस घेरलें. प्रत्येकाजवळ प्रेक्षणीय स्थळांचीं रंगीत चित्रें होतीं. आम्ही हात जोडून पुढें झालों आणि एर्नाकुलमकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलों. थांब्यावर कचेरीस निघालेल्या दोन मुली, डबा घेतलेला एक खलाशी आणि आम्ही दोघें. बस आली ती वाऱ्यासारखी आणि थांबली ती क्षणभर. केरळांतील बसमध्यें बायकांच्या जागा पुढील भागांत असतात. त्यामुळें सौ. पुढें आणि मी मागें अशी आमची लग्नानंतर प्रथमच बसमध्यें फारकत झाली. कोठें उतरावयाचें हें ठाऊक मला, आणि ओरडून सांगण्याची सोय नाहीं! परंतु पुढें गेल्यावर पाहतों, तों शेजारच्या मुलीशीं तिच्या खाणाखुणा सुरू झालेल्या, आणि ‘बोट जेट्टी’ हे दोन शब्द माझ्या आधीं तिनेंच कंडक्टरला सांगितलेले. उतरण्याच्या वेळीं त्या मुलीनें तिला हात देऊन खालीं उतरविलें. मला मागून माझें मीच उतरावें लागलें.

एर्नाकुलमच्या बोटीच्या धक्क्यावर बायकांची रांग निराळी असते आणि ती पुरुषांच्या रांगेहून लवकर सरते. म्हणून तिकिटांचें खातें सौभाग्यवतीकडे गेलें. मी भिंतीवरील पाटी पाहत उभा राहिलों. मला मल्याळी लिपी येत नाहीं. शेजारीं एक महाविद्यालयांतील विद्यार्थी उभा होता. त्याला मीं पाटी वाचून दाखविण्याची विनंति केली. तो वाचूं लागला : “संस्थान जलगतागत वकुप्प.” मी क्षणभर स्तब्ध झालों. गत आणि आगत, जाणें आणि येणें. पाण्यावरील जाण्यायेण्याचें खातें! आम्हीं मराठींत ‘जलवाहतूक’ शब्द केला, तो वाईट नाहीं. पण त्यांत ओझें वाहिल्याचा भास होतो. ‘गतागत’ शब्दांत माणूस जातो आणि संध्याकाळीं घरीं परत येतो. ‘संस्थान’ म्हणजे त्यांच्या भाषेंत राज्य. आमच्या कानांस तो शब्द सांगलीचें किंवा औंधाचें संस्थान आठवून देतो. समास सोडवून दाखवितांना वर्गांत जो आनंद होई, तो ह्या धक्क्यावर फुकट मिळाला.

हें सरकारी खातें १९६८ पासून केरळांतील खाड्यांवर व कालव्यांवर बोटी चालवीत आहे. आमच्या बोटीचें एकेकाचें तिकीट दहा रुपयांच्या आंतलें. बांके साधीं, बाजू उघड्या, यंत्राचा धडधडाट कानांवर येणारा. पण काय त्या बोटींतील जग! एक शिक्षिका वह्या तपाशीत बसली होती. एक म्हातारे गृहस्थ मल्याळी वर्तमानपत्राची घडी चार बोटें रुंदीची करून वाचीत होते. शाळेचीं दोन मुलें खिडकीच्या जागेसाठीं भांडत होतीं. पलीकडे आमचें जहाज पांढऱ्या डोंगरासारखें उभें दिसत होतें, आणि त्या मुलांनीं त्याच्याकडे एकदांही ढुंकून पाहिलें नाहीं. अशीं जहाजें येतात आणि जातात. खिडकीची जागा मात्र रोज मिळवावी लागते.

सुमारें वीस मिनिटांत फोर्ट कोचीचा धक्का आला. तेथील प्रेक्षणीय स्थळें प्रसिद्ध आहेत. सेंट फ्रान्सिसचें देऊळ १५०३ सालीं प्रथम लाकडाचें झालें, पुढें दगडी बांधलें. १५२४ च्या डिसेंबरांत वास्को द गामा कोचीस मरण पावला आणि ह्याच देवळांत पुरला गेला. १५३९ सालीं त्याच्या अस्थि पोर्तुगालास नेण्यांत आल्या. आंत त्याच्या रिकाम्या थडग्याची जागा कठडा घालून राखली आहे. ज्याच्या येण्यानें आमच्या कोंकणपट्टीचा इतिहास बदलला, त्याच्या जागेपाशीं उभें राहून मनांत काय यावें? माझ्या मनांत एवढेंच आलें कीं, तोही येथें जहाजानेंच आला होता आणि त्याला परत जहाजावर चढतां आलें नाहीं. मी घड्याळाकडे पाहिलें.

किनाऱ्यावर चिनी जाळीं आहेत. एक भली मोठी लाकडी चौकट. तिच्या एका टोकास पसरलेलें जाळें, दुसऱ्या टोकास दोरांनीं लोंबकळणारे मोठाले दगड. चार-सहा माणसें दोर ओढतात, दगड खालीं येतात, जाळें वर उठतें. तुलायंत्राचा नियम मुलांना शिकवावयाचा असेल, तर ह्याहून उत्तम उदाहरण मिळणार नाहीं. आम्ही पाहत असतां दहा-बारा मासे वर आले. सहा माणसांच्या श्रमाला तेवढें फळ. पाहणारे टाळ्या वाजवीत होते. ओढणारे पुन्हा दोराला लागले होते.

मध्यान्हीं एका साध्या शाकाहारी भोजनगृहांत पान वाढून घेतलें, आणि मट्टांचेरीकडे जाणारी बस धरली. मट्टांचेरी म्हणजे जुन्या कोचीचें व्यापारी पोट. थोडक्या गल्ल्यांत मल्याळी, तमिळ, गुजराती, उर्दू, कोंकणी अशा कित्येक भाषा नांदतात. मिरीं, सुंठ आणि वेलदोडा ह्यांचा वास गोदामांच्या भिंतींत मुरलेला आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं कोचीच्या राजास बांधून दिलेला आणि पुढें डचांनीं दुरुस्त केलेला वाडा येथें आहे; त्याच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या यज्ञापासून अयोध्येंतील पुनरागमनापर्यंत सारें रामायण रंगविलें आहे. शेजारीं १५६८ सालचें ज्यूंचें ‘परदेशी’ देवालय, खालीं निळ्या चिनी फरशा. ज्यांच्यासाठीं तें बांधलें, त्यांची वस्ती आतां जवळजवळ सरली आहे. देवालय उभें आहे आणि देवालयाचे लोक गेले आहेत, हें पाहून सौ. बराच वेळ बोलली नाहीं.

येथून पुढचा भाग आमच्या बेतांत नव्हता. चेरळाई नांवाच्या भागांत गौड सारस्वतांचें तिरुमल देवस्वम् नांवाचें वेंकटेशाचें मोठें देऊळ आहे. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन सुरू झालें. त्या सुमारास जीं कुटुंबें देव घेऊन, धर्म घेऊन आणि भाषा घेऊन दक्षिणेकडे निघालीं, त्यांतील कांहीं ह्या गल्ल्यांत स्थिरावलीं. त्यांची विद्याही येथें रुजली. हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड ह्या डच अधिकाऱ्यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्या कामीं इट्टि अच्युतन् ह्या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं साहाय्य केलें, आणि त्यांचा नागरी लिपींतील दाखला पहिल्याच खंडांत छापला आहे. छत्रपति शिवाजीमहाराज हयात होते त्या काळांत आपली लिपी कोचीहून निघून ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यांत पोंचली होती. केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल ह्यांनीं त्या लॅटिन ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें आणि तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. हें सारें मीं पूर्वीं वाचलेलें होतें. म्हणून देऊळ निदान बाहेरून तरी पाहावें असें मनांत होतें. दुपारची वेळ असल्यामुळें दार बंदच होतें. बाहेरून नमस्कार करून आम्ही परतीच्या बससाठीं कोपऱ्यावर येऊन बसलों.

बस येईना. दहा मिनिटें झालीं, पंधरा झालीं. दोन वाजून गेले होते. मी रिक्षा पाहूं लागलों. थांब्याच्या ओट्यावर एक वृद्ध बाई पापडांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढें, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या कोणाशींतरी मोबाईलवर बोलत होत्या. सौभाग्यवतीनें एकदम माझा हात धरला. ती कांहीं बोलली नाहीं, पण ती त्या बोलण्याकडे कान देऊन होती, हें मला दिसलें. बाईंचें बोलणें संपल्यावर ती पुढें झाली आणि म्हणाली, “तुमी कोंकणी उलयतात?”

वाचकहो, सौभाग्यवतीचें माहेर कारवारचें. घरांत ती चाळीस वर्षें मराठी बोलली, मराठींत रागावली, मराठींत तिनें दोन मुलें वाढविलीं. माहेरचीं माणसें एकामागून एक गेलीं. आठ वर्षांपूर्वीं आई गेली, आणि त्यानंतर कोंकणींत बोलावयास तिला कोणी उरलें नाहीं. देवापुढें पुटपुटतांना किंवा तव्यावर हात भाजला तर एखादा शब्द निघे, तेवढाच. तीच भाषा आज रस्त्याच्या कडेला, कारवाराहून शेंकडों कोसांवर, एका अनोळखी बाईच्या तोंडून तिला ऐकूं आली होती.

दोन्ही कोंकणी सारख्या नव्हत्या. कारवारच्या आणि कोचीच्या बोलींत शतकांचें अंतर आहे; एकींत कानडीची झांक, दुसरींत मल्याळीची. प्रत्येक चार शब्दांमागें एक अडे, मग दोघी हसत, मग हातवाऱ्यांनीं तो शब्द पार होई. मासे कोठले, कुळीथ मिळतात का, लग्नांत अमुक पदार्थ करतां का, असें संभाषण चाललें. मी बाजूला बसून ऐकत होतों. उलयतात हें क्रियापद ऐकून मला संस्कृत ‘उल्लाप’ आठवला. तेवढ्यांत उन्हानें सौभाग्यवतीला खोकला आला. बाईंनीं आपली बाटली पुढें केली आणि विचारलें, “उदाक जाय?”

उदक! मीं जन्मभर संध्येंत उदक घेतलें, तर्पणांत उदक सोडलें, शाळेंत त्याचीं सातही विभक्तींचीं रूपें घोकून घेतलीं. आमच्याकडे तो शब्द पळीपंचपात्रांत राहतो; पिण्याचें तें पाणी. आणि येथें थांब्यावर बसलेली, पापड घेऊन घरीं निघालेली एक बाई खोकणाऱ्या माणसाला उदक देत होती. सौभाग्यवतीनें बाटली घेतली आणि तीही सहज बोलून गेली, “उदाक थंड आसा.” चाळीस वर्षांत माझ्या घरांत तिच्या तोंडून हा शब्द मीं ऐकला नव्हता.

मग त्या बाई आपलें सांगूं लागल्या, सौ. मला अधूनमधून मराठींत सांगे. त्यांचा एक मुलगा आखातांत, एक बंगळूरला. नातवंडें मल्याळी आणि इंग्रजी बोलतात. कोंकणी त्यांना समजते, पण उत्तर त्या भाषेंत येत नाहीं. सौभाग्यवतीनें विचारलें, “मग घरांत कोंकणी कोण बोलतें?” बाई म्हणाल्या, “हांव आसां न्हय.” मी आहें ना. त्यांत तक्रारीचा सूर नव्हता. पण इन्क्विझिशन, पोर्तुगीज, डच, इंग्रज ह्या साऱ्यांना पुरून उरलेली भाषा आज एका घरांत एका म्हाताऱ्या बाईच्या ‘मी आहें ना’ ह्या तीन शब्दांवर उभी आहे, हें ऐकून माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला गप्प बसवलें. बाहेरचा छळ भाषा सोसते. घरांतलें मौन सोसणें तिला कठीण जातें. आमचीं पुण्यामुंबईचीं नातवंडें मराठींत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजींत उत्तर देतात, तें ऐकून आपण कौतुकानें हसतों. त्या हसण्याची किंमत मला त्या ओट्यावर बसून दिसली.

अर्ध्या तासानें बस आली. ती बाईंची होती, आमची नव्हे. जातांना त्यांनीं पापडांचा एक पुडा काढून सौभाग्यवतीच्या हातांत कोंबला, आणि धक्क्याकडे जाणारी जवळची वाट सांगितली. नांवें विचारावयाचीं दोघींनाही सुचलीं नाहींत.

आतां अडीच वाजून गेले होते. आम्ही त्या वाटेनें, गुडघ्याच्या मानानें चालत, वाड्याजवळच्या धक्क्यावर आलों. कोचीची ‘वॉटर मेट्रो’ २०२३ च्या एप्रिलांत सुरू झाली; मट्टांचेरी आणि विलिंग्डन आयलंड येथील तिचीं स्थानकें २०२५ च्या ऑक्टोबरांत उघडलीं. ह्या बोटी कोचीच्याच जहाजबांधणीच्या कारखान्यांत झालेल्या, विजेच्या संचायकावर चालणाऱ्या, एका वेळीं शंभर माणसें नेणाऱ्या. धक्का तरंगता असल्यामुळें भरती असो वा ओहोटी, बोटीचा तळ आणि धक्का सारख्या उंचीवर राहतात. चाकाच्या खुर्चींतील माणूसही सरळ आंत जाऊं शकतो. दाराशीं माणसें मोजून घेतात. आमच्यापुढें दोन माणसें उरलीं असतां मोजणी पूर्ण झाली आणि दार लागलें. तीन वाजून पांच मिनिटें.

खरें सांगावयाचें तर त्या वेळीं जेवणाच्या मेजावरील त्या गृहस्थांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढें आला. मी येरझारा घालूं लागलों. सौ. मात्र बाकावर पापडांचा पुडा मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती. म्हणाली, “अहो, बसा. चारला एक तास आहे, आणि पांचाला दोन. आपण हिशेब करूनच निघालों ना?” पुढली बोट वीस मिनिटांनीं आली. आंत गारवा, आवाज जवळजवळ नाहीं, खिडकीबाहेर पाणी सरकत जातें एवढीच गतीची खूण. विलिंग्डन आयलंडवरून रिक्षानें गोदीच्या दरवाजाशीं पोंचलों, तेव्हां चाराला दहा मिनिटें कमी होतीं. दोघांचा दिवसाचा प्रवासखर्च सव्वादोनशें रुपयांच्या आंत झाला होता.

हें सारें वाचून कोणीही उठावें आणि अनोळखी शहरांत बस धरावी, असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांना चालवत नाहीं, गर्दी सोसत नाहीं, किंवा तासातासानें औषध घ्यावें लागतें, त्यांनीं जहाजाची ठरलेली गाडीच घ्यावी. त्या गाडीला उशीर झाला, तर जहाज सहसा तिची वाट पाहतें, हा तिचा मोठा गुण आहे. जाणता वाटाड्या भेटला, तर ज्ञानही पुष्कळ मिळतें. ज्यांना दोन तास पायांवर राहतां येतें आणि विचारावयाची लाज वाटत नाहीं, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. परतीची वेळ आधीं ठरवावी आणि तिच्या मागें पुरा एक तास राखून ठेवावा. घड्याळ जहाजाच्या वेळेशीं मिळवून घ्यावें. वाट एकाला विचारून दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी. आणि शेवटचा टप्पा असा निवडावा कीं बोट किंवा बस चुकली, तरी रिक्षानें जहाज गांठतां येईल.

ठरलेल्या गाडींत एक गोष्ट मात्र मिळत नाहीं, आणि ती म्हणजे खोळंबा. तेथें कोणाला थांबावें लागत नाहीं. एका प्रेक्षणीय स्थळाहून दुसऱ्या प्रेक्षणीय स्थळीं माणूस अलगद नेला जातो. शहरांतील माणसें मात्र भेटतात तीं धक्क्यावर, रांगेंत आणि थांब्यावर. कारण तीं तेथें आपल्या कामासाठीं थांबलेलीं असतात. बस वेळेवर आली असती, तर आम्ही कोची पाहून आलों असतों, आणि कोचींत एक बाई आहे हें आम्हांला कधींच कळलें नसतें.

परत आल्यावर सौभाग्यवतीनें एक गोष्ट सुरू केली आहे. धाकटी नात आठ वर्षांची आहे. दर रविवारीं आजी तिला दोन कोंकणी शब्द शिकविते. आतांपर्यंत अठरा झाले. त्यांत कांहीं चुकीचे उच्चारले जातात, कांहीं विसरले जातात. परंतु खेळून दमून आली, कीं ती मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी राहून ‘आजी, उदाक’ असें म्हणते, आणि आजी हातांतलें काम टाकून उठते.